माफक आवाजाची अट

विषय — रविवारच्या श्रवणतासासाठी सर्वकाळच्या आवडत्या तीन रॉक अल्बमांची निवड. संदर्भ — माझा अर्ज, आणि त्यावर करमणूक समितीनं मारलेला शेरा. असं मोठ्यानं वाचायचं असतं मॅडम, आधी विषय, मग संदर्भ, मग भांडण — पाणीपुरवठा खात्यात जन्म काढला तो याच क्रमानं. बसा. तिथे नको, या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून — उजेड जरा चेहऱ्यावर पडू दे. ऊन लागतंय? लागत नसेल. आणि तो रुमाल तोंडावरून खाली घ्या, सर्दी असली तरी चालेल, मी घाबरत नाही. हां. तर तुम्ही आमच्या या निवृत्तांच्या वसाहतीत व्यवस्थापक म्हणून नव्या, आणि तरी कागद घेऊन स्वतः जिना चढून आलात, याबद्दल आभार — आधीचे व्यवस्थापक कागद दाराखालून सरकवायचे आणि पळायचे. ही असती तर चहा मिळाला असता, पण ही गेलीय खाली दवाखान्यात, गुडघा दाखवायला. येईलच. ती येईपर्यंत मी बोलतो, तुम्ही ऐका. मध्येच काही विचारू नका म्हणजे झालं, माझी लिंक तुटते.

शेरा काय म्हणतो? ‘मंजूर. मात्र आवाज माफक ठेवावा.’ हे ‘माफक’ कोणी घातलं ते सांगायला नको. मुख्याध्यापकांनी. समितीचे अध्यक्ष, घालणारच. त्यांच्या पाळीला त्यांनी काय लावलं होतं? व्हायोलिन. तासभर व्हायोलिन — शेजारच्या खोलीत कोणीतरी हळूच रडतंय आणि आपण त्यात पडायचं नाही, अशा जातीचं. अर्धा हॉल झोपला होता, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि आभार मानताना हे म्हणाले, श्रोते तल्लीन झाले. त्यांना कोणी अट घातली? निदान माणसं जागी राहतील इतका तरी आवाज ठेवावा, असा शेरा कोणी मारला? नाही मारला. दुसरे सभासद दंतवैद्य. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांच्या दाढांत यंत्र फिरवलं, त्याला गिटारचा त्रास होतो — मी म्हटलं, डॉक्टर, फरक एवढाच, की तुमच्या खुर्चीतून उठून जायची सोय नव्हती. राहिल्या ग्रंथपालबाई, त्यांना खुर्ची सरकवलेलीही खपत नाही, त्यांचं मी समजू शकतो. आता बघा, सरळ नामंजूर केलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो — म्हणजे अपील केलं असतं, पण बोललो नसतो. नामंजुरीत एक प्रकारचा मान असतो. हे मंजूर करून वर अट म्हणजे काय, तर पोहायला जा पण केस ओले करू नका.

आणि निवड काय सोपी होती? तीनच नावं. ते कपाट बघा — वरच्या खणापासून खालपर्यंत, सगळे अल्बम, आणि खालच्या दाराला बिजागरी नाही म्हणून ते उघडू नका. यातून तीन. मासिकांत याद्या येतात बघा, सर्वकाळचे सर्वोत्तम शंभर — मी त्या वर्षानुवर्षं वाचत आलो, आणि दर वर्षी सर्वकाळ बदलतो. गेल्या खेपेला जो अकरावा तो यंदा नाहीच, मेला की बुडाला, खुलासा नाही. आमच्या खात्यात ज्येष्ठता यादी अशी बदलली असती तर माणसं उपोषणाला बसली असती. म्हणून मी माझी पद्धत लावली. एकेक अल्बम काढायचा, टेबलावर ठेवायचा, आणि स्वतःला विचारायचं — हा घरात नसता तर तू आज आहेस तसा झाला असतास का? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर आलं, झालो असतो. काहींबद्दल मला आदर आहे, वरच्या साहेबांबद्दल असायचा तसला — समोर आले की उठून उभा राहतो, घरी जेवायला बोलवत नाही. ते गेले परत कपाटात. ही म्हणाली, अहो सगळेच आवडते म्हणून लिहून टाका. म्हटलं, ज्याला सगळंच आवडतं त्याला काही आवडत नसतं, तो नुसता स्वभावानं बरा असतो. मी स्वभावानं बरा नाही. माझी तीन ठरली.

नावं अर्जात आहेत, पण घरात आम्ही ती घेत नाही — परक्या भाषेतली लांबलचक नावं, हिची जीभ अडखळायची, म्हणून कव्हरवरून नावं पडली. एक ‘जळकी खुर्ची’. कव्हरवर ओसाड मैदान आणि मधोमध अर्धवट जळलेली खुर्ची. मी नोकरीला लागलो तेव्हा माझीही खुर्ची साधारण तशीच होती, त्यामुळे जवळीक वाटली. चार पोरं, वाद्यं कुणाकुणाची मागून आणलेली, पण वाजवतात असं की भाडेकरूला घर सोडायची नोटीस आलीय आणि तो जाता जाता सगळी काच फोडून जातोय. दिवसभर ‘आपल्या कृपेस पात्र’ लिहून आलेल्या माणसाला ते ऐकलं की पाठ ताठ व्हायची. दुसरा ‘पाण्याची टाकी’. नाही, खात्याचा माणूस म्हणून पक्षपात केलेला नाही, टाकी कव्हरवर आहे त्याला मी काय करू. त्यात ड्रमवाला एका ठिकाणी सगळ्यांना गप्प बसवतो आणि एकटा सुटतो — समीक्षक म्हणतात लांबलं. लांबलंय. आपलं कोणी ऐकून घेत नसताना अखेर एकदा बोलायला मिळालं की माणसाचं लांबतंच.

आणि पहिला क्रमांक, ‘बिनचित्राची’. नुसतं करडं कव्हर. या तबकडीला मासिकांनी झोडपली, आणि मी सांगतो, बरोबर झोडपली. वाद्यवृंदात भांडणं चाललेली, ड्रमवाला अर्ध्यावर उठून गेला, एक अख्खी बाजू नुसता गोंगाट. मग पहिली का? दुसऱ्या बाजूला शेवटी एक संथ गाणं आहे. ड्रम नाही, काही नाही, एक गिटार आणि घसा बसलेल्या माणसाचा आवाज. आमची ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, दिवसभर कानाला ते यंत्र, घरी आली की दारातूनच पहिलं वाक्य, आवाज कमी करा. चाळीस वर्षं तेच वाक्य. पण हे गाणं आलं की गप्प. एकदा इस्त्री करत होती, गाणं लागलं आणि हिचा हात तसाच थांबला — माझ्या शर्टावर. कॉलर गेली. दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात मी कोट घालून ऑफिसात. साहेबांनी विचारलं, काय समारंभ आहे? म्हटलं, आहे. आता रॉकच्या यादीत पहिला नंबर आणि कारण काय तर एक संथ गाणं, मुख्याध्यापक हसतील. हसू देत. यादी माझी आहे.

हे खाली पेन्सिलीनं काय लिहिलंय? अक्षर तुमचं का? थांबा, चष्मा. ‘ऐकण्यास अडचण असल्याचे कारण अर्जदाराने नमूद केल्यास अट काढता येईल.’

ऐकण्यास अडचण. कोणाला? मला? मॅडम, तुम्ही मघापासून इथे बसलात, मी सगळी उत्तरं दिली की नाही? नाही म्हणजे — तुम्ही विचारलंत काय, हा प्रश्न वेगळा. नका, मान नका हलवू, मला एक सांगा, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिनं? तिनंच. दुसऱ्या कोणाला माहीतच नाही. आम्ही दोघं खाली जेवायला बसतो तेव्हा कोणी मला काही विचारलं की ही माझ्याकडे वळून म्हणते, ‘म्हणजे ते विचारतायत की अमुक अमुक’ — एक्स्चेंजमधली सवय, ओठ असे स्वच्छ हलतात की कॉल जोडून दिल्यासारखं — लोकांना वाटतं बाईला पुन्हा पुन्हा बोलायची खोड आहे. आणि आज नेमकी तीच नाही. गुडघा. सकाळी हाच गुडघा घेऊन गच्चीवर जाऊन आली, तेव्हा दुखला नाही. म्हणजे तुम्ही वर येणार हे हिला ठाऊक होतं. वा. चाळीस वर्षं संसार, आणि शेवटी परस्पर पत्रव्यवहार.

बरं, तोंडी नको, प्रात्यक्षिकच घ्या. ही ‘जळकी खुर्ची’. लावतो. बघा, हात थरथरतोय का सुई ठेवताना? नाही ना? हां. सुरुवातीला गिटार एकटीच येते, लांबून, रेल्वे फाटकापलीकडून यावी तशी — ऐका — आता जवळ येतेय — ही तार मुद्दाम जरा उतरवलेली आहे, ऐकलंत, त्याशिवाय तो खरखरीत गोडवा येत नाही — आता दुसरी गिटार मिसळली, ही उजव्या बाजूनं, पोरगं घाईत आहे — आता एक श्वास घेतात — या टेबलावर हात ठेवा तुम्ही, असा, पालथा — आता ड्रम येतो, येतोय, आता —

आता.

आला नाही.

तबकडी तर फिरतेय. सुई आहे. तो तांबडा दिवा — अ‍ॅम्प्लिफायरचा तांबडा दिवा लागलेला नाही. बघा, वायर. हिनं इस्त्री लावून ठेवलीय आमच्या सॉकेटला, माझा अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग खाली पडलाय. म्हणजे मघापासून खोलीत — तुम्हाला कळलंच असेल. सुरुवातीपासूनच कळलं असेल. तुम्ही हसला नाहीत. हसायला हवं होतं, मी असतो तर हसलो असतो.

पण मी गिटारबद्दल जे बोललो ते सगळं बरोबर होतं, हे लिहून घ्या. रेकॉर्ड लावून पडताळून बघा, तार उतरवलेलीच आहे. आता काय लपवायचं — गिटार मी आठवणीनं ऐकतो, ड्रम खुर्चीतून. खुर्ची लाकडी आहे, पोहोचवते. मुख्याध्यापकांचं व्हायोलिन ऐकलंच नाही, नावं ठेवली ती निव्वळ आनंदासाठी. ही आता स्वतः उठून बटण पूर्ण फिरवते — जिचं आयुष्य ‘कमी करा’ म्हणण्यात गेलं ती — आणि कानात कापूस घालून समोर पेपर वाचत बसते. पण ते संथ गाणं — त्याला ड्रम नाही. खुर्ची काही बोलत नाही. सुई फिरते, मी हिच्याकडे बघतो, हिनं पान उलटायचं थांबवलं की समजायचं, गाणं चालू आहे. आणि आठवणीतलं हल्ली जरा — शेवटच्या कडव्याआधी गिटार वर जाते की खाली, हे मला परवापासून नक्की सांगता येत नाही. हिला विचारलं, तिनं गुणगुणून दाखवलं. आता ते मला कसं कळणार, सांगा. या खोलीतले स्पीकर आहेत बिस्किटाच्या डब्याएवढे. खाली हॉलमधले माझ्या छातीला लागतात. त्यांच्यापुढे खुर्ची टाकून, बटण शेवटपर्यंत नेऊन, एकदा. वर जाते की खाली, एवढंच.

मग लिहा ना एक ओळ, असंच ना? ते ओठ मला वाचता आले. मॅडम, नाही लिहिणार. मुख्याध्यापकांनी व्हायोलिनचं कारण लिहिलं होतं? माझे कान शाबूत होते तेव्हाही मी हे असंच ऐकायचो, शेजारी भिंतीवर लाटणं आपटायचे, ते आम्ही ड्रममध्ये धरायचो. रॉक मोठ्यानं ऐकतात कारण ते रॉक आहे, एवढं कारण पुरतं. उद्या मी ती ओळ लिहिली की काय होईल? हॉलमध्ये सगळे समजूतदार चेहरे करून बसतील. दंतवैद्य खांद्यावर हात ठेवतील. ग्रंथपालबाई माझ्याकडे बघून हळूहळू मान डोलावतील, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारख्या. मला समजूतदार श्रोते नकोत, वैतागलेले हवेत. कानांवर हात ठेवणारे, मध्येच उठून जाणारे, समितीकडे लेखी तक्रार करणारे. सवलत म्हणून मिळालेला आवाज मला नको, मग तो कितीही मोठा असो. आणि गाणं ऐकायचं राहिलं तर राहिलं — नाही, राहणार नाही. अट काढा म्हणजे झालं. अट चुकीची म्हणून काढा, माझ्यासाठी नका काढू. ही पेन्सिल पुसतो तुमच्यादेखत. हे पुसलं.

दारात कोण — तुमची नजर तिकडे गेली म्हणून म्हटलं. आलीस? ये. गुडघा काय म्हणतो? आणि हे हातात काय, दवाखान्यातून आणलंस? कापूस. एवढा पुडा. बघा मॅडम, गुडघ्याला कापूस. काही बोलू नकोस, आधी ती इस्त्री काढ आणि माझा प्लग लाव. हां, लागला दिवा. निघा तुम्ही आता, सुई मी पुन्हा पहिल्यापासून ठेवणार आहे आणि तुम्हाला सर्दी आहे. दार उघडंच राहू द्या, खाली मुख्याध्यापकांची खोली आहे. अर्ज घेऊन जा. तीन नावं कायम आहेत, क्रम तोच आहे, कारणाची जागा कोरी आहे. समितीनं अट काढलेली नाही, मी ती मान्य केलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.