रिव्हर्स, दोनदा

मी, सगळे मला मिस्तरी म्हणतात, वय बावन्न, धंदा गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणे, राहणार वर्कशॉपच्या माळ्यावर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, उजवा पाय प्लास्टरमध्ये असल्याने मी बाकावर पाय लांब करून बोलत आहे. तक्रार माझ्या बायकोने दिली आहे. माझा धाकटा भाऊ कालपासून तुमच्या कोठडीत आहे. त्याला सोडावे, एवढ्यासाठीच मी आलो आहे.

आम्हा दोघांकडे एकेक जुनी गाडी आहे. दोन्हींत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. माझी वजनाला हलकी, मागे पाटे, तीन गिअर. त्याची जड, मागे कॉईल स्प्रिंग, चार गिअर. जागा एकाच गाडीपुरती उरली, म्हणून कुठली विकायची यावरून रोज वाजायचं. "दादा, तुझं खटारं चढावर नुसती चाकं फिरवतं," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. मी म्हणालो, "चढवून दाखव की मग!" त्यावर तो म्हणाला, "आज तुझा आणि तुझ्या खटाऱ्याचा निकालच लावतो." बायकोने ऐकलं ते खरं आहे. रागात माणूस काहीही बरळतो.

वर्कशॉपमागच्या चढावर तो माझ्या गाडीत बसला. चाक जागच्या जागी फिरतं का ते बघायला मी मागे, भिंतीशी उभा राहिलो. दोन्ही गाड्यांची गिअरची दांडी स्टिअरिंगखाली आहे. त्याच्या गाडीत ती अंगाकडे ओढून वर केली की पहिला पडतो. माझ्या गाडीत तेच केलं की रिव्हर्स. वीस वर्षांची हाताची सवय, साहेब, ती कुठे जाणार? गाडी चुकून मागे आली आणि मी भिंतीवर आदळलो. तेव्हा नुसतं खरचटलं होतं.

मी ओरडलो, "अरे मेल्या, पुढे घे!" गाडी थांबली. आरशात मला त्याचे डोळे दिसले. मग गाडी चुकून परत मागे आली. पाय तेव्हा मोडला.

तुम्ही विचारलंत, तीच चूक दोनदा कशी. चढावर गाडी घसरतेय असं वाटून त्याने रेस वाढवली असेल. क्लच धड नाही माझा. त्याला गाडी कोणी शिकवली, असंही विचारलंत. मीच. आरशात बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवलं होतं.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिला 'चुकून' माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दुसरा 'चुकून' मी खोडायला लावला, मग परत लिहायला लावला. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे.