द्वारकाबाईंनी ‘होय’ लिहिलं

मंडळी, ऐका! आज आधी मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही. मनातल्या मनात द्या. कारण मोठ्यानं दिलेलं उत्तर वेगळं आणि मनातलं वेगळं — तीस वर्षं उभा आहे मी इथं, मला ठाऊक आहे!

प्रश्न असा — खरं बोलणं परवडतं का?

हं! ते पलीकडचे आजोबा हसले. हसा, हसा! अहो, देवळात आपण सगळेच खरं बोलतो. इथं खोटं बोलायला मिळतंय काय? इथं कुणी आपल्याला वजन विचारत नाही, वय विचारत नाही, उत्पन्न विचारत नाही! पण देवळातून बाहेर पडलं, समोर एक कागद आला, त्यात एक रिकामा रकाना आला — आणि बघणारं कुणी नाही! मग? मग पेन कुठं वळतं?

माझीच एक ओवी आहे. मोडकीतोडकी आहे, सांभाळून घ्या —

देवापुढे जोडी हात । कागदी लिही विपरीत ।
ऐसिया भक्ता पाहोनि हासत । देव उभा ॥

देव रागवत नाही हो! हसतो! आणि देव हसला की समजावं, आपलं काही खरं नाही!

तर चिंचणगाव नावाचं गाव. तिथं एका भिंतीची दोन घरं. म्हणजे काय? मधली भिंत एक, अलीकडे एक बिऱ्हाड, पलीकडे दुसरं. इकडे जिरं फोडणीत पडलं की तिकडे शिंक!

अलीकडच्या घरात गणपतराव शिंत्रे. पोस्टमन होते, रिटायर झालेले. आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. द्वारकाबाई चकल्या करायच्या, शेव करायच्या. पंचक्रोशीत नाव! चकली अशी, की कुरकुर आवाज शेजारच्या गल्लीत! स्वयंपाकघरातच मोठी शेगडी, दोन सिलिंडर, तेलाचे डबे. घरच कारखाना!

पलीकडे रंगनाथ भावसार. शिंपीकाम. पुढच्या खोलीत तीन मशिनी, कापडाचे ढीग, इस्त्रीचं टेबल. बायको मदतीला, आणि म्हातारी आई — गोदाक्का. गोदाक्कांना ऐकू येत नसे, पण बोलायचा उत्साह दांडगा!

चैत्रातली गोष्ट. मोहन पतंगे नावाचा विम्याचा एजंट गावात आला. पोरगा गोड बोलणारा. दोन्ही घरांना एकत्रच बसवलं शिंत्र्यांच्या ओसरीवर, आणि सुरू झाला.

“काका, काकू, घराचा विमा काढा. आग लागली, वीज पडली, पूर आला, वादळात छप्पर उडालं — कंपनी भरून देते!”

गणपतराव म्हणाले, “आम्हाला कशाला विमा? देव राखतोय!”

द्वारकाबाई सुपात डाळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “देव राखतोय, तर रोज झोपायच्या आधी तीनदा कडी कशाला हो तपासता?”

गणपतराव उठले आणि भरदिवसा दाराची कडी तपासून आले!

मग द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि विचारायला लागल्या. “बाळ, वाळवी लागली तर?”

“ते नाही मिळत काकू. हळूहळू झिजतं, कुजतं, त्याचं नाही.”

“उंदरांनी कुरतडलं तर?”

“नाही.”

“आणि ह्यांनी काही फोडलं तर?”

मोहन हसून हसून बेजार! म्हणाला, “काकू, भिंती आणि छपराचा विमा वेगळा, आतल्या सामानाचा वेगळा. दोन्ही घ्या. नाहीतर घर उभं राहतं आणि आत बसायला पाट नाही!”

झालं. फॉर्म निघाले. नाव, गाव, घराचं वय, पत्र्याचं की कौलाचं... आणि मग तो रकाना आला, मंडळी! ‘घरात काही धंदा चालतो का?’

मोहननं आवाज खाली केला. म्हणाला, “इथं ‘नाही’ लिहू या. सगळे तसंच लिहितात. ‘होय’ लिहिलं तर हप्ता वाढतो, वर चार प्रश्न येतात.”

रंगनाथ लगेच म्हणाला, “लिहा ‘नाही’! कोण बघायला येतंय?”

गणपतरावांनीही मान डोलावली. “अगं, चकली म्हणजे काय धंदा आहे? घरातलंच खाणं!”

द्वारकाबाई म्हणाल्या, “घरातलं खाणं? आठवड्याला दोन मण? तुमचं पोट आहे का गोदाम? बाळ, ‘होय’ लिही.”

“काकू, जास्त पडतील...”

“पडू देत. मी तुला आत्ता खोटं सांगायचं, आणि संकटात तू माझं खरं मानायचं — असं कसं चालेल?”

काय वाक्य आहे बघा! पण त्या वेळी कुणी ‘वा’ म्हटलं नाही. सगळे हसले! रंगनाथ तर गावभर सांगत सुटला, “आमच्या वहिनी म्हणजे सत्यवादी! स्वतःहून जास्त हप्ता मागून घेतात!”

बरं, बाई एवढ्यावर थांबल्या का? छे! त्यांनी मोहनला विचारलं, “जळाल्यावर पैसे मिळतील, हे कळलं. पण जळूच नये म्हणून काय करू?”

मोहन म्हणाला, “काकू, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही.”

मग द्वारकाबाईंनीच गावातले वायरमन इसाकभाई मुल्ला यांना बोलावलं. इसाकभाईंनी माळ्यावर बॅटरी मारली आणि कपाळाला हात लावला. “भाभी, ही वायर तुमच्या लग्नाच्या आधीची दिसते!” ती बदलली. वायरीतून विजेची गळती झाली की आपोआप वीज बंद करणारं बटण बसवलं. गॅसची जुनी नळी फेकली, नवी आणली. सिलिंडर शेगडीपासून लांब, दारापाशी. आणि जाताना सांगितलं, “भाभी, विजेची आग असली तर आधी मेन स्विच बंद. मग पाणी. उलटं करायचं नाही. आणि तेलाच्या आगीवर पाणी कधीच नाही — वाळू!”

झालं, स्वयंपाकघरात वाळूच्या दोन बादल्या आल्या. रंगनाथ डोकावून म्हणतो, “वहिनी, वाळूत भुईमूग भाजताय की काय?”

आता आपण काय केलं असतं, सांगा? चार लोक हसले की बादली उचलून परसात! आपल्याला आगीपेक्षा हसण्याची भीती जास्त! द्वारकाबाई म्हणाल्या, “भाजले तर तुम्हाला देईन भावजी.” बादल्या तिथंच राहिल्या.

चैत्र गेला, पावसाळा गेला, आश्विन आला. दिवाळी आठ दिवसांवर! चकल्यांच्या ऑर्डरी, ब्लाउजांच्या ऑर्डरी. दोन्ही घरांत श्वास घ्यायला फुरसत नाही.

दुपारची साडेबाराची वेळ. रंगनाथ ब्लाउजला इस्त्री करत होता. तेवढ्यात वीज गेली. “हात्तिच्या!” म्हणाला, इस्त्री तशीच आडवी ठेवली कापडावर, आणि नवराबायको तयार कपडे पोचवायला बाजारात गेली. बटण? बटण चालूच!

आपल्याकडे वीज जाते तेव्हा सगळ्यांना कळतं. येते तेव्हा घरी कोण असतं?

वीज आली.

द्वारकाबाई कढईत चकली सोडत होत्या. नाकाला वास आला. तेलाचा नव्हे — कापडाचा! दुसरी कुणी असती तर आधी बघायला धावली असती. ह्या बाईनं आधी हातातलं बघितलं. शेगडी बंद! रेग्युलेटर बंद! “अहो, सिलिंडर बाहेर काढा — दोन्ही — चिंचेखाली!”

गणपतराव, वय सत्तर. पण त्या दिवशी गोणी उचलावी तसा सिलिंडर उचलला!

बाहेर येऊन बघतात तर भावसारांच्या खिडकीतून काळा धूर! द्वारकाबाईंनी पहिला हात घातला तो भावसारांच्या ओसरीवरच्या मेन स्विचला. खाड! बंद. मग आठवलं — गोदाक्का आत आहेत! हाका मारून काय उपयोग?

मंडळी, आता मात्र विनोद बाजूला ठेवतो. त्या बाईनं दांडीवरची गोधडी पाण्यात बुडवली, डोक्यावरून घेतली आणि मागच्या दारानं आत गेली. पुढच्या खोलीत ज्वाळा, मधल्या खोलीत धूर, डोळ्यांसमोर काही दिसेना. जमिनीलगत वाकून, हातानं चाचपत. खाट सापडली. खाटेवर गोदाक्का — गाढ झोपलेल्या!

दंडाला धरून उठवलं. गोदाक्का डोळे चोळत म्हणतात, “आत्ता नको गं द्वारके! चकली चावत नाही मला!”

बघा! विनोद बाजूला ठेवला होता, तर गोदाक्कांनी उचलून आणला!

ओढत, ढकलत, खोकत दोघी बाहेर आल्या. बाहेर आल्यावर द्वारकाबाई मातीतच बसल्या. गणपतराव नुसता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात चार माणसांसमोर असं पहिल्यांदा!

आळी धावून आली. बंब तालुक्याहून यायचा, त्याला पाऊण तास. तोवर विहिरीपासून माणसांची रांग. पण आग मधल्या भिंतीवरून शिंत्र्यांच्या कौलांखालच्या वाशांना पोचली. स्वयंपाकघराचं छप्पर खाली आलं. तेलाचा डबा पेटला, आणि ज्या वाळूवर गाव हसलं होतं, ती वाळू गणपतरावांनी स्वतः दारातून ओतली. पुढची खोली आणि ओसरी वाचली. रंगनाथचं मात्र छप्पर, मशिनी, कापड — सगळं गेलं. बाजारातून तो धावत आला, आईला धडधाकट बघितलं, आणि तिच्या पायांशी लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर आला. देवधर नावाचे गृहस्थ. चेहरा असा, की चिंच खाऊन जन्मले असावेत! फोटो काढतायत, मोजतायत, लिहितायत.

गणपतरावांनी हळूच सुरुवात केली. “साहेब, माळ्यावर टीव्ही होता, तोही जळाला.”

द्वारकाबाई म्हणाल्या, “साहेब, जळाला हे खरं. पण जळायच्या आधी दोन वर्षं तो मेलेलाच होता. लिहू नका.”

“अगं, पण जळाला ना!”

“मेलेल्याला जाळलं तर त्याला अपघात म्हणतात का हो?”

आणि मंडळी, ते चिंच खाल्लेले देवधरसाहेब — हसले! म्हणाले, “बाई, फॉर्ममध्ये तुम्ही फराळाचा धंदा लिहिलाय. कढया, सोऱ्या, डबे, सगळं सांगा. तुमच्या शब्दावर मला दुसरा पुरावा नको.”

मग साहेब पलीकडे गेले. कागद बघितला. “धंदा — नाही. मग ह्या तीन मशिनी?”

रंगनाथ म्हणाला, “हौसेच्या आहेत साहेब. एक माझी, एक बायकोची, आणि एक... एक आईची!”

साहेबांनी गोदाक्कांसमोर हातानं शिवल्याची खूण केली. गोदाक्का म्हणाल्या, “नाही रे बाबा! मोतीबिंदू आहे. दहा वर्षं झाली, सुईत दोरा ओवलेला नाही!”

रंगनाथनं द्वारकाबाईंकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. “वहिनी, तुम्ही सांगा ना साहेबांना. तुमचं ते मानतात. धंदा नाही म्हणून एकदा सांगा!”

आता काय करायचं? एका बाजूला खरं, एका बाजूला शेजार. त्याच्या घरात भिंतींशिवाय काही उरलेलं नाही. एक शब्द! एका शब्दाचं काम! तुम्ही असता तर?

द्वारकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “भावजी, साहेब मला विचारत नाहीत. तुम्हाला विचारतायत. तुम्हीच सांगा. मी इथंच उभी आहे.”

आणि खरंच, जागची हलली नाही ती बाई.

रंगनाथनं जळक्या मशिनीवर हात ठेवला. म्हणाला, “धंदा आहे साहेब. अठरा वर्षं आहे. मी खोटं लिहिलं. इस्त्रीसुद्धा मीच विसरलो.”

साहेबांनी पेन थांबवलं. म्हणाले, “मशिनी आणि कापडाचं काही मिळणार नाही. छपराचं काय ते कंपनी ठरवेल. पण तुम्ही आपणहून खरं सांगितलंत, एवढं मी लिहून देतो.”

साहेब गेले. रंगनाथ म्हणाला, “वहिनी, एक शब्द बोलला असतात तर!”

द्वारकाबाई म्हणाल्या, “बोलले असते तर ती साथ साहेबांची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंतच पुरली असती. माझी ओसरी वाचलीये. उद्या सकाळी तिथं बसा.”

आणि बसवलं! इसाकभाईंनी घरात पडून असलेली जुनी मशीन तेलपाणी करून आणली. गिऱ्हाइकं त्याच ओसरीवर आली. चकल्या बाहेर चुलीवर, शिवण ओसरीवर — दिवाळी झाली दोन्ही घरांची! पुढे संक्रांतीच्या आत शिंत्र्यांचे पैसे पूर्ण आले, छप्पर झालं, स्वयंपाकघर झालं. रंगनाथला छपरापुरते थोडे आले, खूप पत्रापत्रीनंतर. मशिनींचं काही नाही. त्या त्यानं दोन वर्षं राबून एकेक करून घेतल्या.

पण खरी गंमत मध्येच झाली. दिवाळीच्या पाडव्याला द्वारकाबाईंनी मोहनला फोन लावला. “बाळ, लिहून घे. माझ्या घरात आता शिवणकामसुद्धा चालतं.”

मोहन म्हणाला, “काकू! अहो, एवढं सांगायला कुणी सणाच्या दिवशी फोन करतं का?”

“मग काय, आग सणाचा दिवस बघून येते?”

तर मंडळी, खरं बोलणं परवडतं का? द्वारकाबाईंना महाग पडलं — दर वर्षी थोडं थोडं. रंगनाथला खोटं स्वस्त पडलं — एका दुपारपर्यंत! आता तुम्ही म्हणाल, बुवा, कंपनीवाले तरी सगळे साधू असतात का? नसतील! पण त्यांनी काय लिहायचं ते त्यांच्या हातात. आपल्या रकान्यात काय लिहायचं, ते पेन आपल्या हातात. भांडायची वेळ आली, तर खरं लिहिलेला माणूस ताठ मानेनं भांडतो. खोटं लिहिलेल्याला आईकडे बोट दाखवावं लागतं!

आणि देवाचं म्हणाल, तर देवानं त्या दिवशी काय केलं? आकाशातून आला का? नाही! एका बाईच्या नाकात वास पाठवला आणि हातात ओली गोधडी दिली. पुढचं तिनं करायचं होतं.

उद्या सकाळी घरी एवढं करा. गॅसची नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला. मेन स्विच कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. म्हाताऱ्या माणसांना सुद्धा! विम्याचा कागद कपाटात असेल तर काढा आणि वाचा. त्यात एखादं ‘नाही’ खोटं असेल, तर आग लागायच्या आधी फोन करा. लाज वाटेल, वाटू दे. लाजेनं छप्पर जळत नाही!

आता आरती. थांबा, थांबा, उठू नका! अहो मंडपवाले, इकडे या. त्या डाव्या खांबाला वायरचा जोड उघडा आहे आणि त्याला हार गुंडाळलाय! तासभर मी त्याच्याकडे बघत कीर्तन करतोय, आणि तुम्हाला वाटतंय बुवांची समाधी लागली! आधी मेन बंद करा. हो, माईकसुद्धा जाऊ दे. आमचा आवाज तीस वर्षं विजेवाचून चाललाय. अंधार होईल, बायाबापड्यांनो, घाबरू नका. टाळी वाजवा, नाव घ्या — आणि तो जोड नीट झाल्याशिवाय निरांजन पेटवायचं नाही!