बाबांसाठी मधली खोली

एम.ए.ची परीक्षा आटोपली त्या उन्हाळ्यात, नागभीड स्टेशनवर गाडीची वाट पाहताना, हा प्रसंग मला माझा मावसभाऊ वसंता याने सांगितला. तो त्याच्यावरच गुदरला होता.

चांदा शहराबाहेरच्या शांत वस्तीत वसंताने अंगण-विहिरीसह एक घर भाड्याने घेतले होते. वहिनींचे दिवस भरले होते. बाळंतपण तिथेच व्हायचे होते. एका सकाळी घरमालक लक्ष्मणभाऊ गोंडपिपरीकडच्या शेतावरून बैलगाडी घेऊन दारात आले. गाडीत त्यांचे वडील डोळे मिटून पडले होते.

"बाबाची येळ आली," लक्ष्मणभाऊ शांतपणे म्हणाले. "मधली खोली खाली करून द्या."

"भाऊ, घर तर तुम्ही मले भाड्यानं देलं ना?"

"घर देलं. बाबाची मरायची जागा कशी देईन? ज्यानं घर बांधलं, त्याले त्याच घरातून न्या लागते."

"अन् माह्या बायकोनं बाळंत कुठी व्हायचं?"

"मागची खोली आहे ना. एक येईन, एक जाईन."

वसंताने मधली खोली रिकामी करून बाबांना आत निजवले. लक्ष्मणभाऊ बैल सोडायला गेले, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे उघडून वहिनींकडे पाहिले आणि वसंताला म्हटले, "पहिले तिचं होऊ दे. मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. तिचे रडणे मधल्या खोलीत ऐकू आले आणि थोड्याच वेळात बाबा गेले.

पुढे मी लक्ष्मणभाऊंना त्या वाक्याविषयी विचारले. "बाबाची वाचा तर गाडीत घालायच्या आधीच गेली होती," ते म्हणाले. त्यामुळे तेवढ्या एका वाक्याची खात्री मला कधीच करता आली नाही.