लग्नपत्रिकेवरचं वचन

सातारा स्टँडवर लोणंदची एसटी सुटायला आली होती. तिघांच्या बाकावर रंगूबाईनं मधल्या जागी आपली पिशवी ठेवली होती. खिडकीशी एक म्हातारी गाठोडं कवटाळून बसली होती, आणि खाली तिचा लेक आणि सून भांडत होते.

“सुवार्ता, चल. पुण्याची गाडी लागलीया.”

“आन आत्या? लोणंदच्या बंद घरात एकट्या? उजवा हात लुळा पडलाय त्यांचा!”

“शेजारी बघतील. पुण्याच्या खोलीत तिघं मावत न्हाईत. आपल्या लग्नपत्रिकेवर काय छापलं हुतं? ‘तू जाशील तिथं मी येईन.’ देवाचं वचन हाय ते. नवऱ्यामागं यायचं.”

“ते नवऱ्याला म्हटलंय व्हय? आवं, बायबल उघडलंय का कवा, का पत्रिकेपुरतंच?”

“मग कुणाला म्हटलंय?”

“सासूला! बायबलातल्या रूथचा नवरा मेला हुता. सासू तिला म्हणाली, तू माहेरी जा. तवा रूथ म्हणाली ते. वरच्या चार ओळी वाचल्या असत्या, तर ही ओळ माझ्या तोंडावर मारली नसती तुमी.”

“हळू बोल. लोकं बघत्यात.”

“बघू द्यात! आईला टाकून चाललाय, आन मला त्याच वचनाचा धाक दावताय?”

म्हातारीनं खिडकीतून डावा हात बाहेर काढला.

“सुवार्ता, जा गं बाई त्याच्यासंगं. माझं भागंल.”

“रूथची सासूबी आसंच म्हणाली हुती, आत्या.”

सुवार्ता गाडीत चढली. रंगूबाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.