व्याह्यांचं उसनं नाक

...नाही, तुम्ही मलाच दोष द्या, सगळे देतातच, पण मला एक सांगा, माणसानं आपल्या वाटणीचा वास घ्यायचा की दुसऱ्याच्या वाटणीचाही घ्यायचा? एक तर माझं नाक ते केवढं, त्यात सर्दीची खोड, त्यात धंदा ड्रायक्लीनिंगचा! दिवसभर त्या पेट्रोलसारख्या उग्र रसायनाच्या वाफेत उभा असतो मी, संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आमची ही दारातूनच ओरडते, 'आधी आंघोळ, मग गप्पा!' असल्या माणसाच्या नाकावर कोणी शहाणा भरवसा ठेवेल का? पण ठेवला ना! आमच्या व्याह्यांनी ठेवला! तुम्हाला सांगतो, नाक असावं माणसाला, पण दुसऱ्याच्या कामी येईल इतकं नसावं.

आता व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. माणूस लाख मोलाचा, पण जन्म गेला लिफ्ट तपासण्यात. सरकारी लिफ्ट-इन्स्पेक्टर. कुठल्याही इमारतीत शिरायचे, लिफ्टमध्ये उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, पास की नापास. रिटायर झाले, लिफ्टा सुटल्या, पण तपासायची सवय सुटते का? मग त्यांनी बिअर धरली. म्हणजे प्यायला नव्हे हो, तपासायला! छोट्या छोट्या भट्ट्यांमध्ये हौशी लोक बनवतात ना, ती. ग्लास उजेडाला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं आणि मग डोळे मिटून... अगदी लिफ्टमध्ये उभे राहिल्यासारखे! 'चढते हळू, मध्ये एक धक्का आहे, पण उतरते छान.' हे बिअरबद्दल! आणि मग मार्क. पाचपैकी. आणि तेही सरळ तीन-चार नाहीत, सव्वातीन, पावणेचार, आणि त्या पाव मार्कासाठी अर्धा तास भांडण!

साखरपुड्याची बोलणी करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो, मी आपला मनाशी जुळवत होतो, मुलीला नोकरी करू देणार ना, स्वतंत्र खोली देणार ना, असं विचारायचं, तर हे मला बाजूला घेऊन सांगतायत, 'व्याहीबुवा, स्टाउट म्हणजे काळी. पण काळी म्हणजे नुसती काळी नव्हे. धान्य किती भाजलं त्यावर सगळं आहे.' मग बेल्जियन आली. तिथले मठातले साधू म्हणे बिअर करतात. एक डबेल, एक ट्रिपेल. मी म्हटलं बरं, साधूंना दुसरं काम काय! मग एक आंबट आली, ती म्हणे वर्षानुवर्षं लाकडी पिंपात पडून असते... इथे माझा डोळा लागला. खरंच सांगतो, लागला. ते बोलत होते आणि मी मान हलवत होतो, आणि झोपलेला माणूससुद्धा मान हलवतोच की!

ऐकलं असतं तर! तेव्हा ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मला बिअर माहीत ती डाग म्हणून. सुती कापडावर पडली तर गार पाणी, लोकरीवर पडली तर देवाचं नाव!

तर झालं असं, की मागच्या वर्षी व्याह्यांना ताप आला. साधाच. बरेही झाले. आणि एक दिवस भर दुपारी दुकानात आले, हातात कोट. म्हणाले, 'जरा बघता का, याला धुराचा वास येतोय का?' मी कोट नाकाला लावला आणि मागे सरलो. अहो, धूर कसला, शेकोटीत लोळवल्यासारखा वास! म्हटलं, 'तुम्हाला येत नाही?' ते स्टूल ओढून बसले, मी मागवलेला चहा घेतला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आमच्या दुकानात आलेला प्रत्येक माणूस पहिलं काय करतो, तर नाकाला रुमाल लावतो, आणि हे आपले वाफेच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून मजेत चहा पितायत!

मी इस्त्री उभी केली. ते कपाकडे बघत म्हणाले, 'गेलं हो, व्याहीबुवा. नाक गेलं. तापाबरोबर गेलं. डॉक्टर म्हणतात, आला वास परत तर येईल, नाही तर नाही.' मी म्हटलं, 'घरी?' तर म्हणाले, 'कोणाला माहीत नाही. आणि कळायलाही नको.' आता मी काहीतरी बोलणार, धीर द्यावा, बाजारात औषधं फार निघालीत वगैरे, तर हा माणूस काय म्हणतो? 'बिअरचं सोडा. नातवाला उचलून घेतो ना, त्याच्या टाळूला नाक लावतो... काहीच नाही हो. उशी उचलावी तसं.'

आता सांगा! नातू माझाही आहे. ती टाळू मीही हुंगतो, दूध आणि ऊन यांचा मिळून वास येतो तिला. यावर 'मला दुकान आहे, मला जमणार नाही' असं म्हणेल कोणी? म्हणून म्हणतो, नाक असावं, पण दुसऱ्याच्या कामी येईल इतकं नसावं!

कारण पुढे म्हणाले, 'रविवारी बैठकीला माझ्याबरोबर चला. शेजारी बसा. वास घ्या आणि माझ्या कानात सांगा. पुढचं मी बघतो.'

बैठक म्हणजे कुठे, तर रंगाच्या दुकानामागच्या मोठ्या खोलीत. लांब टेबल, पांढरा कागद अंथरलेला, प्रत्येकापुढे पोटाशी फुगलेले ग्लास, पाण्याचा जग, आणि माणसं अशी गंभीर की मला वाटलं कोणी गेलंय. व्याही अध्यक्ष. त्यांच्यासमोर एक दातांचे डॉक्टर, त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं आणि ते त्यांच्या हसण्यातच दिसायचं. आणि बिअर करणारे बाजूच्या बाकावर, परीक्षेचा निकाल लागायचाय अशा चेहऱ्यानं.

पहिली स्टाउट आली. मी हुंगली. कानात म्हटलं, 'इस्त्री कापडावर जरा जास्त राहिली ना, की येतो तो.' व्याह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, 'भाजलेपणाची एक खोल, धीट छटा.' टाळ्या! दुसरी. मी म्हटलं, 'पावसाळ्यात कपाटात राहिलेला ओव्हरकोट.' ते म्हणाले, 'जुन्या लाकडाची, चामड्याची आठवण.' वा वा! बेल्जियन आली, मी म्हटलं, 'लवंग. आणि पिकून काळं पडलेलं केळं.' हे मात्र त्यांनी तसंच सांगितलं, बरोबरच निघालं! चव ते स्वतः घ्यायचे हं, जीभ शाबूत होती, कडू-गोड-आंबट कळायचं, पण म्हणायचे, 'नाकाशिवाय जीभ म्हणजे दोरीशिवाय लिफ्ट.'

असे आम्ही रविवारमागून रविवार काढले. आणि तुम्हाला सांगतो, मला आवडायला लागलं! हो! त्या काळ्या बिअरमध्ये मला कॉफी सापडली, धूर सापडला, एकदा तर आमच्या शाळेतली नवी कोरी चामड्याची पिशवी सापडली! सापडलं की बाजूला बघायचो, सांगावं म्हणून, आणि ते आपले कान पुढे करून बसलेले. समोर पंगत मांडलेली, आणि त्यांच्या वाट्याला माझा रिपोर्ट!

आणि मग तो रविवार आला. ती आंबट बिअर. बनवणारी एक उंच बाई, शाळेत गणित शिकवायची, सगळी सुट्टी त्या पिंपांशेजारी काढायची. ग्लास आला. मी नाक घातलं आणि काढलं! अहो, तबेला! घोडा, ओलं गवत, जुनं खोगीर, वर व्हिनेगर! आमच्याकडे असा कपडा आला तर आम्ही परत पाठवतो! मी कानात म्हटलं, 'बिघडलीय. पिऊ नका.' अहो, 'पिऊ नका' म्हटलं मी! आणि त्या भल्या माणसानं ग्लास ओठाला लावला नाही. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'ही बिघडलेली आहे. दीड.'

बाकावरचे सगळे आमच्याकडे वळले! बाई उभी राहिली. रागावली नाही हो, रागावली असती तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाली, 'काका, मागे एकदा याच बिअरला तुम्ही पावणेपाच दिलेत. तुम्हीच म्हणालात, हिला तबेल्याचा वास आला नाही तर ती फसली समजायची.'

म्हणजे साखरपुड्याच्या बोलण्यांच्या वेळी माझा डोळा लागला ना, तिथेच हे सांगून झालं होतं! तिथेच! माणूस जीव तोडून सांगत होता आणि मी मान हलवत होतो!

दातांचे डॉक्टर हसले. 'काय अध्यक्ष, नाक गेलं की काय?' गंमत केली हो त्यांनी, माणूस वाईट नाही. पण व्याही त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'हो. गेलं.'

कोणाला कळेना हसावं की काय. मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, 'थांबा! ते नाक त्यांचं नव्हतं, नाक माझं होतं! चूक माझ्या नाकाची आहे!' आता हे वाक्य भरल्या खोलीत मोठ्यानं म्हणून बघा तुम्ही! सगळे माझ्या नाकाकडे बघायला लागले! तुम्हाला सांगतो, नाक असावं, पण असं चारचौघांत पुरावा म्हणून दाखवावं लागेल असं नसावं!

व्याह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. बाईला म्हणाले, 'माफ करा. दीड खोडा. मला वास येत नाही आणि यांना माझ्यामुळे खोटं वागावं लागलं.' मला सांभाळून घेतायत! मला! बाई आली, त्यांच्या शेजारी बसली, म्हणाली, 'वास राहू दे, काका. घोटभर प्या आणि जे कळेल ते सांगा.' प्यायले. बराच वेळ तोंडात ठेवली. म्हणाले, 'आंबट आहे. कडेनं चढते. अंगावर काटा येतो.' आणि डोळे पुसले. डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले, उगाचच.

घरी कळायचं ते कळलंच. विहीणबाईंनी काय विचारलं असेल? 'म्हणजे इतके दिवस मी स्वयंपाक करताना तुम्ही दारात येऊन "वा, काय वास सुटलाय" म्हणत होता, ते?' आणि वर त्या म्हणाल्या, 'करपलं होतं हो कित्येकदा. मला वाटायचं, माझ्यासाठी गोड बोलतायत.' आणि मग त्याच म्हणाल्या, 'बोलतच होता की.' आणि आत गेल्या.

बैठकीला ते आता जात नाहीत. डॉक्टर अध्यक्ष झालेत, पाव-पाऊण बंद, सरळ तीन नाही तर चार देतात, सगळं कसं सपाट. मला बोलावणं येतं. मी जातो, नाही असं नाही, चटक लागलीय. पण ज्या माणसानं इतकं सांगितलं, त्याला विचारायला आता हजार गोष्टी सुचतात मला, आणि विचारायच्या कशा? भाजलेल्या धान्याचा वास कसा ओळखायचा, हे त्याला विचारू?

तरी परवा एक बाटली घेऊन गेलोच त्यांच्याकडे. स्टाउट. अशी की काय सांगू! दोन ग्लास भरले, त्यांनी घोट घेतला. म्हणाले, 'जड आहे. कडू आहे. उतरते छान.' मी म्हटलं, 'आणि वास! पाऊस थांबल्यावर कोणीतरी लांब कॉफी भाजतंय, आणि खिडकी उघडी आहे, आणि...' बोलतच सुटलो हो, पाच मिनिटं, पूर्वी ते सुटायचे तसा. ते डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते, एकदा तर मला शंका आली, लागला की काय डोळा! मी थांबलो. म्हटलं, 'किती द्यायचे? पावणेपाच?'

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसले, आणि म्हणाले, 'तुम्ही म्हणताय तर असेल.'