डाव्या हाताला तेल नाही

किकवीच्या थांब्यावर भोरची एस्टी अजून आली नव्हती. माझ्या पुढं दोघी उभ्या होत्या, एक म्हातारी आणि एक तरणी.

"आजी, हात दावा बगू. आगं बया! उजवा लोण्यावानी, आन डावा पार भेगाळलेला. आसं कसं?"

"उजव्याला आमसुलाचं तेल लावती. लेकीनं महाडवरनं धाडलंय."

"मंग डाव्यानं काय पाप केलंय?"

"आधी दोनीबी हातांना लावत व्हते. रोज सांजच्याला गरम करून चोळायची. म्हैन्यात भेगा मिटल्या. दुष्काळात खडी फोडली, तवापास्नं हात आसं मऊ झालेच न्हवते, बग."

"मंग बंद का केलं?"

"आमच्या मालकास्नी दिसत न्हाई. चार वरसं झाली. येक दिस वढ्यावर न्याया त्यांचा हात धरला, तर झटकलाच की त्यांनी. म्हनले, 'कोन बाई हाईस तू? सोड. आमची ठकू येतीय.'"

"आन तुमी बोलला न्हाई?"

"न बोलायला काय झालं? 'आवो, म्याच हाय,' म्हनले. तवा ते हसले. पर दिसभर माजा हात चाचपीत बसले. येक भेग घावंना त्यांस्नी. मंग डाव्याचं तेल बंद केलं."

"आजी, आली बगा एस्टी."

म्हातारी मागं वळली. लिंबाखाली बसलेल्या माणसापुढं तिनं डावा हात धरला. तो काहीच न विचारता उठला.