चार नंबरच्या टेबलावरची आई

...आणि काचेचा! दाराच्या काचेचा विमा आधी उतरवला, तुम्हाला सांगतो! हॉटेल म्हटलं की काय काय होऊ शकतं, आग लागते, गिऱ्हाईक घसरून पडतं, फ्रिज बसतो, कोणाचं पोट बिघडतं... आमच्या बाबांनी अर्ज हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिली खूण कुठे केली? 'दर्शनी काच'! का? तर त्या काचेवर त्यांचं नाव आहे, सोनेरी अक्षरांत, आणि नावाखाली 'मुख्य आचारी'. आता आमचा मुख्य आचारी म्हणजे कोण, तर पाणी उकळलं की नाही हे ज्याला बायकोला विचारावं लागतं तो! बावीस वर्षं शेगडीपुढे उभी आहे ती आई. बाबा असतात गल्ल्यामागे. गिऱ्हाइकाला विचारतात, "कसं झालंय आज?" आणि कोणी छान म्हटलं की मान अशी खाली घालतात, जणू आत्ताच हात धुऊन बाहेर आलेत.

मी म्हटलं, "बाबा, आधी शेगडीचं बघा." तर काका... काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, हॉटेलात निम्मे भागीदार आणि सल्ल्यात पूर्ण! काका म्हणाले, "तू गप रे. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस, आणि आम्हाला विमा शिकवतोस?" बरोबर आहे. मला काय कळतं? मी पडलो कॉलेज सोडलेला!

विम्याचा एजंट काकांनीच आणलेला. काकांच्या सकाळच्या फिरण्यातला दोस्त. असा गोड बोलतो की समोरच्या माणसाचे दात किडावेत. "मालक, आपल्याकडे सगळं बसतं हो! आग बसते, चोरी बसते, पूर बसतो..." बाबा प्रत्येक ओळीला भांडायला उठले. "आग? माझ्या हॉटेलात? तोंडाला येईल ते बोलू नका!" खोडली आग. "अन्नातून बाधा? म्हणजे मी सही करून लिहून देऊ, की माझं खाऊन माणसं आजारी पडतात?" एजंट म्हणाला, "तसं नाही मालक, समजा..." "समजायचंच कशाला!" खोडली बाधा. 'गिऱ्हाईक भाजल्यास' यावर मात्र मुकाट्यानं खूण. कारण एकदा चार नंबरच्या टेबलावर एका जाड्या माणसाच्या मांडीवर सूप सांडलं होतं आणि तो तासभर असा ओरडत होता की बाबा अजून त्या टेबलाला वळसा घालून जातात.

मग एजंटनं विचारलं, "स्वयंपाकघरात काम करणारे किती?"

"एक. मी."

"आणि वहिनी?"

"ती घरचीच आहे हो!"

ऐकलंत? काच विम्यात, खुर्च्या विम्यात, आणि आई घरची! मी तोंड उघडलं. काकांनी नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. मला काय कळतं? मी पडलो कॉलेज सोडलेला!

मग आली पाहणी. विमा कंपनीचा माणूस येऊन हॉटेल बघून जाणार, काय धोका आहे ते लिहून नेणार. आता आमची शेगडी. तिसरा बर्नर आडवा फुत्कारतो, जवळ जाताना पदर, बाही, भुवया, सगळं सांभाळून जावं लागतं. बटण कधीच गेलंय, पक्कडीनं फिरवायचं. शहाणा माणूस काय करेल? दुरुस्त करेल, नाहीतर निदान दाखवेल. बाबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" गॅस बंद केला. शेगडीवर पांढरा टेबलक्लॉथ अंथरला, वर फुलदाणी ठेवली, फुलदाणीत फुलं! स्वतःला हातभर उंच पांढरी टोपी विकत आणली. आणि हॉटेल भरलेलं दिसावं म्हणून आईला ठेवणीतले कपडे घालून बसवली, कुठे? चार नंबरला. गिऱ्हाईक म्हणून! तिच्यापुढे सूप, तिनंच पहाटे केलेलं.

पाहणीवाला सगळीकडे फिरला, फुलदाणीचा वास घेतला, लिहीत लिहीत चार नंबरपाशी आला. "काय ताई, कसं आहे इथलं जेवण?"

बावीस वर्षांत आईला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं चमचा खाली ठेवला, नीट विचार केला आणि म्हणाली, "जेवण चांगलं असतं. मालक बोलतात फार."

पंधरा दिवसांत विम्याचे कागद आले. हप्ता इतका कमी, की काकांनी स्वतःचीच पाठ थोपटली, आणि स्वतःची पाठ थोपटायला हात कसा वाकतो ते काकांकडूनच शिकावं. मी कागद वाचले. आमच्या घरात वाचणारा मी एकटाच, गंमत बघा! 'व्यवसाय : थंड पेये व तयार खाद्यपदार्थ. ज्योतीवर स्वयंपाक : होत नाही. कामगार : एक.' मी ओरडलो, "अहो, आपली शेगडीच नाही यात! आई नाही यात!" काका म्हणाले, "स्वस्तात झालंय ना? नसती खुसपटं काढू नकोस." मला काय कळतं...

कागद आल्यापासून एकोणिसावा दिवस. दुपारची गर्दी. मी बाहेर टेबलं पुसत होतो. आतून आवाज आला, मोठा नाही, पातेल्यावर झाकण पडावं एवढाच. आत गेलो तर आई नळाखाली हात धरून उभी. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला. आणि पहिलं वाक्य काय बोलली? "ते भाताचं उतरव आधी, करपेल." अशी माणसं! मी भात उतरवला. काय करणार?

डॉक्टर म्हणाले, महिनाभर आचेजवळ जायचं नाही. संध्याकाळी एजंट आला. आवाज तसाच गोड. "त्याचं काय आहे मालक, कागदावर शेगडी नाही, वहिनी कामगार नाहीत... आता त्या गिऱ्हाईक असत्या ना, त्या दिवशीसारख्या चार नंबरला बसलेल्या, तर पूर्ण भरपाई होती!"

काकांचे डोळे लकाकले. "मग तसंच लिहू की! सूप सांडलं म्हणू!"

"नाही," बाबा म्हणाले.

"अरे, पण..."

"दादा, बस."

थोरल्या भावाला बाबांनी 'बस' म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी कोरा अर्ज मागितला आणि आईशेजारी जाऊन बसले. लिहिलं, 'मुख्य आचारी' आणि पुढे आईचं नाव. विचारलं, "वय किती लिहू तुझं?" आई म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच विचारताय." स्वतःच्या कामाच्या रकान्यापाशी बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. मग लिहिलं, 'गल्ल्यावर बसणे'. मी इतका तयारीत होतो हो! बावीस वर्षांचं सगळं सुनावणार होतो. त्यांनी लिहूनच टाकलं, मी बोलू काय?

पाहणीवाला परत आला. बाबांनी स्वतः टेबलक्लॉथ ओढला, पक्कड हातात दिली. तो दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, आधी शेगडी बदला. बदलली. हप्ता तिप्पट झाला, काका दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी दोनदा जेवले.

आणि आचेपुढे कोण? मी! आई हाताला पट्टी बांधून चार नंबरला बसते आणि तिथून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं ओरडते, "मीठ घातलंस का? ढवळ की रे, झोपलास?"

परवा एजंट शेवटच्या सह्यांना आला. विचारतो, "मालक, मुलाचं काय लिहू? काय करतो?"

मी दोन्ही हातांनी रस्सा ढवळतोय, घाम नाकावरून गळतोय, आणि बाबा गल्ल्यामागून, मान वर न करता म्हणतात, "सध्या रिकामाच आहे. कॉलेज सोडलंय त्यानं."

एजंटनं रेघ मारली. आईचा विमा झाला, शेगडीचा झाला, काच तर पहिल्यापासूनच आहे, आणि ती टोपीसुद्धा 'इतर सामान' मध्ये बसली म्हणे. या हॉटेलात बिनविम्याचं भाजून घ्यायला आता मी एकटाच उरलोय.